मान बदलताना

झालं असं, की गेल्या दिवाळीत आम्ही आंजर्ल्याला मामाकडे गेलो होतो. फराळ झाला, समुद्रावर चक्कर झाली, कड्यावर जाऊन गणपतीचं दर्शन झालं आणि दुपारी करण्यासारखं काहीच उरलं नाही. त्यात मोबाईलची रेंज गेलेली. (सॉफ्टवेअरवाल्याची रेंज गेली की पहिले दोन तास तो कासावीस होतो आणि मग त्याला एकदम बरं वाटायला लागतं. करून बघा.) मामी म्हणाली, "नुसता बसून काय राहिलायस, माळा आवरायला हात लाव." माळ्यावर जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यामागे एक लांबट काळी पेटी सापडली. उघडली तर आत मामाचा बेस गिटार!

हा मामा म्हणजे माझ्या लहानपणीचा हिरो. गिरगावात राहायचा, दिवसा एका कंपनीत कारकुनी करायचा आणि रात्री ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा. गणेशोत्सवात तर दहा दिवसांत पंधरा कार्यक्रम. १९९२ मध्ये त्याने वाजवणं सोडलं, पुढे निवृत्त होऊन गावी आला आणि बेस माळ्यावर गेला. मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. ते किनाऱ्यावर चढलं रायगडात, पण दापोली-मंडणगडलाही त्याने झोडपून काढलं. आंजर्ल्यातल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली. मामाच्या घराचं अर्धं छप्पर गेलं आणि पुढे कित्येक दिवस माळा पावसात भिजत राहिला. बागच हातची गेल्यावर माळ्यावरच्या पेटीची आठवण कुणाला होणार?

ती पेटी उघडली ती थेट आता. आतलं अस्तर बुरशीने पांढरं पडलेलं, तारा गंजलेल्या. बेस उचलून बंदुकीसारखा डोळ्याला लावला आणि मानेवरून नजर टाकली, तर मान उन्हात वाळत घातलेल्या पापडासारखी पिळलेली. आवाज तर नाहीच.

मामाने दारातूनच पाहिलं. "टाकून दे रे ते," म्हणाला आणि बागेत निघून गेला.

रात्री पाणी प्यायला उठलो तर मामा ओटीवर बसला होता, मांडीवर बेस घेऊन. आवाज नाही, काही नाही, पण डाव्या हाताची बोटं त्या वाकड्या पट्टीवर चालत होती. मी तसाच मागे फिरलो. पण हा बेस वाजता करायचा, हे तिथेच ठरलं.

त्यानंतरचे बरेच विकांत या उद्योगात गेले. दुरुस्ती करता करता या वाद्याचा इतिहास वाचत गेलो आणि तो इतका मजेदार निघाला, की म्हटलं, तुम्हालाही सांगावा.

* * *

पहिली आयडिया अर्थातच आळशी होती: नवा बेस आणायचा. पुढच्या खेपेला पुण्याहून एका मित्राचा बेस नेला. मामाने तो हातात घेतला, दोन मिनिटं वाजवला आणि हसून परत दिला. "छान आहे रे. पण माझी करंगळी पोचत नाही." त्याची बोटं आता आखडली आहेत. वय चौऱ्याहत्तर.

इथे पहिल्यांदा कळलं, की मामाचा बेस 'शॉर्ट स्केल' आहे. स्केल म्हणजे तारेचा वाजणारा भाग, वरच्या खाचेपासून खालच्या घोडीपर्यंत. आजकालच्या बहुतेक बेसची ही लांबी ३४ इंच असते. मामाच्या बेसची ३०. चार इंचांनी असा काय फरक पडतो? तर हिशोब केला. पहिल्या पडद्यापासून चौथ्या पडद्यापर्यंतचं अंतर ३४ इंची बेसवर साधारण १३० मिलिमीटर येतं आणि ३० इंचीवर ११४. म्हणजे सोळा मिलिमीटर. मामाच्या करंगळीचा सगळा प्रश्न त्या सोळा मिलिमीटरांचा होता.

दुसरा फरक ताणाचा. तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि वजन. तीच तार, तोच सूर, पण लांबी ३४ ऐवजी ३० केली तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो, म्हणजे जवळजवळ २२ टक्के कमी. म्हणून शॉर्ट स्केलच्या तारा बोटाखाली मऊ लागतात आणि आवाजही जरा गोल, घुमा येतो. कुणाला तो गबाळा वाटतो, कुणाला गोड.

मला आधी वाटलं होतं, की शॉर्ट स्केल म्हणजे लहान मुलांसाठी काढलेली छोटी आवृत्ती, सायकलीसारखी. पण इतिहास उलटा आहे. अमेरिकेत सिअॅटलला पॉल टटमार्क नावाच्या माणसाने १९३० च्या दशकात पडदे असलेला, आडवा धरून वाजवायचा विजेचा बेस बनवून विकायला काढला होता. त्याचं स्केल होतं सुमारे ३० इंच. म्हणजे पहिला जो झाला तो आखूडच! तो फारसा चालला नाही आणि लोक विसरून गेले. मग १९५१ मध्ये लिओ फेंडरने 'प्रिसिजन बेस' आणला, ३४ इंची, आणि तेच माप जगाचं झालं. तरीही आखूड बेस मेला नाही. गिब्सन कंपनीने १९५३ मध्ये व्हायोलिनच्या आकाराचा साडेतीस इंची बेस काढला. जर्मनीत हॉफनरने १९५० च्या दशकातच ३० इंची, पोकळ, व्हायोलिनच्या आकाराचा बेस बनवला. हॅम्बुर्गच्या क्लबांत वाजवणाऱ्या पॉल मॅकार्टनी नावाच्या पोराने १९६१ मध्ये तो घेतला, कारण परवडत होता. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहेच. खुद्द फेंडरनेही १९६६ मध्ये ३० इंची 'मस्टँग बेस' काढला, तो मात्र शिकाऊ लोकांसाठी. 'शिकाऊ' हा शिक्का बसला तो तेव्हाच्या जाहिरातींमुळे.

त्याच काळात जपानी कारखान्यांतून अशा आखूड, स्वस्त बेसचे ढीगच्या ढीग बाहेर पडत होते. मामाचा त्यातलाच एक. त्या काळी आपल्याकडे परदेशी वाद्य आणायचं म्हणजे आयात परवाना आणि जबरदस्त जकात. पण कोकणातल्या माणसाला एक वाट होती: बोटीवरची नोकरी. दापोलीकडचा एक ओळखीचा माणूस बोटीवर होता. त्याने तो जपानच्या बंदरातून आणला आणि १९७४ मध्ये मामाने त्याच्याकडून हप्त्याने घेतला. त्यावरची कंपनीची पट्टी केव्हाच पडून गेली आहे, त्यामुळे बेसला नाव असं नाही.

* * *

आता मान. पिळलेली मान सरळ होते का?

मानेच्या पोटात बहुतेक गिटारींना एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. गिब्सन कंपनीतल्या थॅडिअस मॅकह्यूला १९२३ मध्ये तिचं पेटंट मिळालं. चारही तारा मिळून मानेला सतत पुढे ओढत असतात. सळई आवळली की ती मानेला मागे खेचते. म्हणजे धनुष्यासारखा बाक आला तर ती काढते. पण पीळ पडला, तर तिचा काही उपयोग नाही. आणि मामाच्या बेसमध्ये तर आवळायची सळईच नव्हती. मान बदलणं हाच मार्ग.

इथे मी लिओ फेंडरला मनातल्या मनात नमस्कार केला. हा माणूस मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी त्याचं दुकान होतं. स्वतःला गिटार वाजवता येत नसे! त्याआधी चांगल्या गिटारीची मान अंगाला सरसाने चिकटवलेली असायची. मान गेली की काम कसबी कारागिराचं आणि खर्च मोठा. फेंडरने रेडिओवाल्याच्या डोक्याने विचार केला. रेडिओतला व्हॉल्व्ह गेला तर आपण व्हॉल्व्ह बदलतो, अख्खा रेडिओ टाकत नाही. मग गिटारीची मान का नको? १९५० मध्ये बाजारात आलेल्या त्याच्या गिटारींची मान सरळ चार स्क्रूंनी बसवलेली होती. स्क्रू काढा, दुसरी मान लावा. आपल्या भाषेत सांगायचं तर मॉड्यूलर डिझाइन! जपान्यांनी ही युक्ती उचलली, म्हणूनच मामाच्या बेसच्या पाठीवर चार स्क्रू होते.

बाहेरच्या धंद्यातल्या माणसाने येऊन वाद्य घडवावं, ही गोष्ट आपल्याकडेही आहे आणि ती फेंडरच्या शंभर वर्षं आधीची आहे. मिरजेला. तिथल्या सतारी-तंबोऱ्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेब शिकलगारांपासून सांगतात. आता आडनावातच धंदा आहे बघा: शिकलगार म्हणजे तलवारी, भाले यांना धार आणि लकाकी देणारा. राजवटी गेल्या, तलवारींचं काम आटलं, पण पटवर्धनांच्या मिरज संस्थानात गाणं-बजावणं होतं, वाद्यं होती आणि ती मोडतही होती. हत्यारं नीट करणारे हात वाद्यं नीट करता करता वाद्यं घडवू लागले. त्याच मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

सतारीची रचना आपल्या कामाशी ताडून पाहिली तर गंमत कळते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, त्याला तुणाच्या लाकडाची दांडी, आणि दोन्ही जिथे जुळतात तो सांधा, त्याला म्हणतात गुलू. तो चिकटवलेला असतो. सगळ्यात नाजूक जागा तीच. पण सतारीचे पडदे दांडीवर दोऱ्याने बांधलेले असतात, सरकवता येतात. सूर चुकला तर पडदा हलवा. गिटारीचं बरोबर उलटं आहे: सांधा सुटा, पण पडदे मानेत ठोकून बसवलेले. म्हणजे गिटारीची मान बदलली, की तिच्याबरोबर सुरांची अख्खी मोजपट्टीच बदलते. ती नवी मोजपट्टी ३० इंचाचीच हवी आणि घोडीपासून नेमक्या जागी बसायला हवी. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर, म्हणजे दोन्ही टोकांपासून १५ इंचांवर आला नाही, तर तुम्ही कितीही रियाज करा, बेसूरच वाजणार.

* * *

३० इंची नवी मान मेपलची, आतून सळई असलेली मागवली. ती आली आणि लक्षात आलं, की मापं जुळत नाहीत. जपानी बेसमधली मानेची खाच ५८ मिलिमीटर रुंद होती आणि नवी मान ६३ ची. पाच मिलिमीटर लाकूड उडवायचं होतं. माझा सुतारकामाचा अनुभव म्हणजे एकदा बुकशेल्फ जुळवलं होतं, तेही नंतर डुगडुगत होतं. मामा म्हणाला, "थांब, घाई करू नकोस," आणि मासेमारीच्या होड्यांचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या सुताराला बोलावून आणलं.

मी म्हटलं, मशीनने पाच मिनिटांचं काम आहे. त्यांनी उत्तर दिलं नाही. चुलीतला कोळसा मागितला, नव्या मानेच्या बुडाला फासला, मान खाचेत दाबून बाहेर काढली. खाचेत जिथे काळं लागलं होतं तेवढंच पटाशीने हलकेच खरवडलं. पुन्हा कोळसा, पुन्हा दाबणं, पुन्हा खरवडणं. दोन तास! शेवटी बुड सगळीकडून सारखं काळं उठायला लागलं, म्हणजे लाकूड लाकडाला सगळीकडे टेकलं. "पाणी शिरायला जागा ठेवायची नाय," एवढंच म्हणाले. होडीच्या फळ्या अशाच जुळवतात म्हणे. बेसमध्ये पाणी शिरत नाही, पण सांध्यात फट राहिली की तारेची थरथर तिथेच मरते. होडीवाल्यांचं ज्ञान इथे शंभर टक्के लागू पडलं.

जुनी भोकं सागाच्या खुंट्यांनी बुजवली, नवी पाडली. स्क्रूंना आधी साबण चोळला, म्हणजे कडक मेपलमध्ये ते मोडत नाहीत. घोडी सव्वा सेंटिमीटर मागे सरकवावी लागली. मग तार लावून बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर आणि त्याच जागी नुसतं बोट टेकवून काढलेला सूर ताडून पाहिला. दोन्ही एक आले तेव्हा मामाने पहिल्यांदा मान डोलावली. (त्याची स्वतःची.)

* * *

राहिला आवाज. पिकप मल्टिमीटरवर तपासला. चांगला असता तर पाच-दहा हजार ओहम दाखवले असते, इथे काहीच नाही, म्हणजे आतली तार तुटलेली. पिकप म्हणजे काय, तर लोहचुंबक आणि त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व, जॉर्ज बोशॅम्पने शंभर वर्षांनी, १९३१ च्या सुमारास, गिटारीला लावलं. खाऱ्या हवेत ते बारीक तांबं हिरवं पडून कुजलं होतं.

पण एका वेटोळ्याच्या पिकपची एक जुनी खोड असते. ते तारेचं ऐकतं तसं भिंतीतल्या विजेचंही ऐकतं आणि सतत घूं करत राहतं. त्यावर गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये इलाज काढला: दोन वेटोळी घ्यायची, एकातलं चुंबक आणि वेढे दोन्ही उलटे करायचे. तारेचा आवाज दोघांत मिळून वाढतो आणि बाहेरची घूं एकमेकांना खोडून जाते. लॅन केबलमध्ये तारांच्या जोड्या का पिळलेल्या असतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे लगेच कळेल. फेंडरनेही १९५७ मध्ये आपल्या बेसचं पिकप दोन तुकड्यांत तोडून हेच साधलं.

मी असं दोन वेटोळ्यांचं, जुन्याच खाचेत मावणारं पिकप आणलं आणि मामाला मोठ्या उत्साहाने सांगितलं, की आता घूं बंद! तर त्याचा चेहरा जरा पडलाच. म्हणाला, "अरे, ती घूं म्हणजे आमचा तंबोरा होता. जी मध्ये गाणं लागलं की स्पीकरला झोके यायचे."

मला आधी ती थट्टाच वाटली. मग आकडे पाहिले. आपल्या विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ. बेसच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या पडद्याचा सूर जी, ४९ हर्ट्झ. दोन सुरांत एका हर्ट्झचा फरक, म्हणजे सेकंदाला एक झोका! त्या काळी ग्रिडची फ्रिक्वेन्सी बऱ्याचदा खालीवर व्हायची, त्यामुळे झोके कधी संथ, कधी जलद. मामाने हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. मांडवामागे उभं राहून अठरा वर्षं ऐकलं होतं.

* * *

मग मी विचारलं, "मामा, तू वाजवणं सोडलंस का?" इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

उत्तरासाठी जरा मागे जावं लागेल. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये तळाचा सूर पूर्वी डबल बेसकडे असे, माणसाएवढं उभं वाद्य. पुढे बेस गिटार आला आणि राहुल देव बर्मनच्या गाण्यांत तर तो मागे लपून न राहता पुढे येऊन बोलायला लागला. त्यांच्याकडे टोनी वाझ बेस वाजवत. ती गाणी ऑर्केस्ट्रावाल्यांना स्टेजवर जशीच्या तशी हवी असत, म्हणून प्रत्येक ऑर्केस्ट्राला एक बेसवाला लागायचा. मामाचं सोनेरी पर्व ते हेच.

मग यंत्रं आली. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टीबी-३०३ नावाची छोटी पेटी काढली. तिचा उद्देशच हा, की बेसवाला नसेल तर ही वाजेल. मुंबईच्या स्टुडिओंत बेस आणि गिटार वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी ती पेटी घेऊन १९८२ मध्ये डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची रेकॉर्ड काढली. तेव्हा ती फारशी कुणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरातले लोक थक्क झाले, कारण पुढे परदेशात गाजलेल्या अॅसिड हाउस संगीताशी ती अजब मिळतीजुळती होती. पण हे झालं एका कलावंताचं. बाकीच्यांचं काय झालं? सिंथेसायझर आणि कीबोर्डने रेकॉर्डिंगमधली माणसं कमी केली. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने मुंबईतल्या अशा वादकांना भेटून २००८ मध्ये त्यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आहे.

ऑर्केस्ट्रातही तेच. मामा म्हणाला, "कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस वाजवायला लागला. एका माणसाचे पैसे वाचले. कुणी वाईट वागलं नाही हो. फक्त पुढच्या कार्यक्रमाचा निरोप आला नाही. आणि मग येईनासाच झाला."

मी गप्प झालो. दोन महिने मी सुट्या भागांचं कौतुक करत होतो. भाग बदलता येतो म्हणून वाद्य जगतं, हे खरंच आहे. पण मामाही एका मोठ्या यंत्रात चार स्क्रूंनी लावलेला भाग होता. तो काढून दुसरा लावला आणि यंत्र चालत राहिलं. ऑफिसात आपण 'रिसोर्स रिप्लेस केला' असं म्हणतो ना, अगदी तसं. आपल्यातल्या कित्येकांनी तसे मेल लिहिलेत. मीही लिहिलेत.

* * *

काम झाल्यावर जुनी मान आणि जुनं पिकप कागदात गुंडाळून ठेवत होतो. तेव्हा उजेडात नीट पाहिलं, तर मानेच्या पट्टीवर काही ठिकाणी खळगे पडलेले होते. तिसऱ्या पडद्याजवळ सगळ्यात खोल, पाचव्याजवळ जरा कमी, बाराव्याच्या पुढे पट्टी कोरी. अठरा वर्षांत मामाने कुठले सूर किती वाजवले, याची ती वहीच होती. लिओ फेंडरच्या हिशोबात हा बाद झालेला भाग. पण या नाव नसलेल्या बेसचा लिखित इतिहास काही असेल तर तो एवढाच.

याच संदर्भात एक गोष्ट. मॅकार्टनीचा तो १९६१ चा हॉफनर १९६४ मध्ये दुरुस्तीला गेला होता. नवा रंग दिला, दोन्ही पिकपं एका नव्या लाकडी पट्टीत बसवली. १९७२ मध्ये तो लंडनमध्ये एका व्हॅनमधून चोरीला गेला. पन्नासहून अधिक वर्षांनी एका घराच्या माळ्यावर सापडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो परत मिळाल्याचं जाहीर झालं. (माळे आवरत जा मंडळी!) १९६४ नंतरच्या फोटोंत तो बेस ओळखायची खूण कुठली, तर तीच दुरुस्तीतली लाकडी पट्टी. दुरुस्तीने त्याचा इतिहास पुसला नव्हता, त्यात एका पानाची भर घातली होती.

मामाला विचारलं, "आता हा तुझाच बेस म्हणायचा ना? मान नवी, आवाज नवा, घोडीसुद्धा सरकली." मामा विचारात पडला. उत्तर दिलं मामीने, स्वयंपाकघरातून. "आपल्या गणपतीचं तर अख्खं डोकं बदललं. पार्वतीने काय 'हा माझा नव्हे' म्हटलं?"

कड्यावरच्या गणपतीचं देऊळही आधी लाकडी होतं आणि आजचं बांधकाम १७६८ ते १७८० च्या दरम्यान झालं, असं गावात सांगतात. कुणी त्याला नवा गणपती म्हणत नाही.

त्या संध्याकाळी ओटीवर छोटा अँप लावला. मामाने सुरुवातीला नुसते सूर तपासले. मग एक जुनी चाल धरली, मधेच चुकला, हसला, पुन्हा धरली. करंगळी पोचत होती. घूं अजिबात नव्हती. थोड्या वेळाने तो थांबला आणि म्हणाला, "ते जुनं पिकप तांबं गुंडाळून नीट होतं का रे कुठे?"

होतं. वेढे पुन्हा घालून मिळतात. पुढच्या खेपेला ते घेऊन जाणार आहे. कुठलं लावायचं ते मामा ठरवेल. चारच तर स्क्रू आहेत.

जुनी मान मात्र मी मागितली होती, पुण्याला भिंतीवर लावायला. मामाने दिली नाही. ओटीवर, कॅलेंडरच्या शेजारी त्याने ती स्वतःच खिळ्याला टांगली आहे.